खोक्यातले माहितीपत्रक

सरकारी कामकाजात एक जुनी समजूत आहे. कागद निर्गमित झाला म्हणजे माहिती पोचली, असे आपण धरून चालतो. तो कागद कोणाच्या हाती पडला, त्याला तो वाचता आला काय, वाचून त्याने नेमके काय करावयाचे होते, हे प्रश्न फाइल बंद झाल्यावर कोणी विचारीत नाही. बहुतेक विषयांत या समजुतीची किंमत म्हणजे नागरिकाच्या दोन जादा चकरा आणि एक जादा अर्ज. परंतु एक विषय असा आहे की जिथे ही किंमत जिवाशी येऊन ठेपते, आणि तरीही आपली व्यवस्था तिथे त्याच समजुतीवर चालली आहे. तो विषय म्हणजे कर्करोगावरील 'इम्युनोथेरपी'ची इंजेक्शने आणि त्यांच्या दुष्परिणामांची माहिती.

प्रथम औषधाविषयी थोडेसे. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर तुटून पडू नये म्हणून निसर्गाने तिला काही लगाम घातले आहेत. कर्करोगाच्या पेशी याच लगामांचा फायदा घेऊन लपून राहतात. हे लगाम सैल करण्याची युक्ती शोधण्याच्या कामाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. इपिलिमुमॅब अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब २०१४ मध्ये आले. पुढे अ‍ॅटेझोलिझुमॅब, ड्युर्व्हालुमॅब वगैरे मंडळी आली. बहुधा ही औषधे सलाइनमधून, दोन, तीन, चार किंवा सहा आठवड्यांच्या अंतराने दिली जातात. फुफ्फुस, मूत्रपिंड, त्वचा, डोके व मान यांच्या कित्येक कर्करोगांत त्यांनी जे साधले, ते वीस वर्षांपूर्वी कोणी खरे मानले नसते. हा लेख त्या औषधांच्या विरोधात नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे.

पण लगाम सैल केला की घोडा केवळ शत्रूच्याच अंगावर जाईल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. चेतवलेली प्रतिकारशक्ती निरोगी अवयवांवरही उठते. त्वचेवर पुरळ व खाज ही सौम्य रूपे झाली. आतड्याला सूज येऊन जुलाब लागतात, प्रसंगी रक्त पडते; दुर्लक्ष झाल्यास आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. फुफ्फुसाला सूज आली की कोरडा खोकला आणि दम लागतो. यकृताला झाली तर कावीळ. थायरॉइड, पिट्यूटरी, अ‍ॅड्रीनल या ग्रंथी बिघडतात, आणि त्या बहुधा कायमच्या बिघडतात. कधी मधुमेह एकाएकी इतक्या तीव्रतेने उद्भवतो की रुग्ण बेशुद्धावस्थेत दवाखान्यात पोचतो. हृदयाच्या स्नायूला सूज येणे विरळा, पण ती आली तर फार घातक.

आता यातील प्रशासकीय मुद्दा पाहा. नेहमीच्या केमोथेरपीचे त्रास, म्हणजे उलट्या, केस गळणे, पांढऱ्या पेशी घटणे, हे लोकांना ऐकून तरी माहीत असतात आणि ते औषध दिल्यावर लवकर दिसतात. इम्युनोथेरपीचे त्रास काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी तर शेवटचे इंजेक्शन होऊन गेल्यावरही उद्भवतात. त्या वेळी रुग्ण मोठ्या शहरातील रुग्णालयात नसतो; तो आपल्या गावी, आपल्या घरी असतो. त्रासाची रूपेही इतकी घरगुती असतात की कोणालाही शंका येत नाही. जुलाब म्हणजे बाहेरचे खाणे बाधले. खोकला म्हणजे न्यूमोनिया, किंवा आपल्या देशात आधी क्षय. थकवा म्हणजे 'आजारच तसा आहे'. गावातील डॉक्टर या प्रत्येक गोष्टीवर जो सर्वसाधारण उपाय करतील तो चुकीचा असेल असे नाही, पण तो या रुग्णाला लागू पडणार नाही. येथे बहुतेक वेळा इंजेक्शन थांबवून, मूळच्या कर्करोगतज्ज्ञाशी बोलून, योग्य मात्रेत स्टेरॉइड सुरू करावे लागते आणि ते कित्येक आठवडे हळूहळू कमी करावे लागते. जितका उशीर, तितके नुकसान. म्हणजे या औषधाच्या सुरक्षिततेचा अर्धा भाग रुग्णालयात असतो, आणि उरलेला अर्धा रुग्णाच्या व त्याच्या घरच्यांच्या डोक्यात असावा लागतो. तो तिथे पोचविण्याची आपली व्यवस्था काय?

मला हा प्रश्न तंजावरात पडला. कामानिमित्त तिथे जाणे झाले असता एका सेवानिवृत्त सहकाऱ्यांना भेटावयास गेलो. त्यांना आम्ही सगळे रावसाहेब म्हणत असू. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजी राजांच्या मागोमाग जी कुटुंबे कावेरीकाठी स्थिरावली, त्यांपैकी हे एक घर. घरात बोलणे मराठी, शाळा तमिळ, नोकरी इंग्रजीत. दूरच्या एका मोठ्या शहरातील रुग्णालयात त्यांना चार इंजेक्शने झाली होती आणि गाठ बरीच आटली होती. पण पाचव्याच्या आधी जुलाब लागले. आठ दिवस प्रतिजैविके आणि जुलाब थांबविण्याच्या गोळ्या चालल्या. शेवटी मुलीने दुसऱ्या देशातून दूरध्वनीवर हट्ट धरला, तेव्हा मूळ रुग्णालयाशी संपर्क झाला आणि उपचाराची दिशा बदलली. रावसाहेब वाचले. मी गेलो तेव्हा ते आरामखुर्चीत बसून होते, बारा किलो वजन गमावलेले.

मी त्यांची फाइल पाहावयास मागितली. जाडजूड फाइल होती. बिले होती, विमा कंपनीचे पत्रव्यवहार होते, दोन पानी संमतिपत्र होते, इंग्रजीत, खाली सही. औषधाचे माहितीपत्रक नव्हते. मी विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "खोकं आम्ही पाहिलंच नाही हो. आतून पिशवी टांगूनच आणायचे." हे अगदी खरे आहे. गोळ्यांच्या पट्टीबरोबर निदान एखादा कागद घरी येतो. इंजेक्शनचे खोके रुग्णालयाच्या औषध विभागात उघडले जाते, औषध सलाइनमध्ये मिसळले जाते, पिशवी रुग्णाच्या खाटेशी येते आणि माहितीपत्रक खोक्यासह कचऱ्यात जाते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आयात औषधांच्या नोंदणीसाठी औषध नियम, १९४५ मधील अनुसूची डी (दोन) प्रमाणे माहितीपत्रक इंग्रजीत असावे लागते आणि त्यात उपयोग, मात्रा, निषेध, खबरदारी, दुष्परिणाम यांचा उल्लेख असावा लागतो. हा कागद मुळात डॉक्टरांसाठी लिहिलेला असतो. दिल्ली उच्च न्यायालयापुढे एक जनहित याचिका आली होती. औषधाच्या संभाव्य धोक्यांची चिठ्ठी डॉक्टरांनी रुग्णाला प्रादेशिक भाषेत द्यावी, अशी तिची मागणी होती. मे २०२४ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. कारण असे की माहिती देण्याचे कर्तव्य कायद्याने उत्पादक व औषधविक्रेत्यावर आधीच टाकले आहे आणि माहितीपत्रक त्यासाठीच असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. प्रत्येक डॉक्टरने असे करावयाचे म्हटले तर दिवसाकाठी दहा-पंधराच रुग्ण पाहून होतील, ही व्यावहारिक अडचण तेथे पुढे आली.

न्यायालयांचा मी आदर करतो, आणि सर्दी-तापाच्या गोळीबाबत ती अडचण मला मान्यही आहे. परंतु ज्या माहितीपत्रकावर हा सारा डोलारा उभा आहे, ते इंजेक्शनच्या बाबतीत रुग्णापर्यंत येतच नाही, आणि आले तरी त्याला वाचता येत नाही. मग कर्तव्य पार पडले ते कोणाप्रती? कचऱ्याच्या डब्याप्रती?

याहून मोठी विसंगती पुढे आहे. नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम, २०१९ नुसार चाचणीत भाग घेणाऱ्या व्यक्तीला तिला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत लेखी माहिती देणे बंधनकारक आहे. म्हणजे हेच औषध प्रयोग म्हणून टोचले तर रुग्णाला ते तमिळमध्ये किंवा मराठीत समजावून सांगावे लागते. तेच औषध मान्यता मिळाल्यावर त्याने घर गहाण ठेवून विकत घेतले, तर नाही. प्रयोगातील माणसाला जो मान, तो पैसे मोजणाऱ्या माणसाला नाही. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने संमती ही पुरेशा माहितीवर आधारलेली असावी असे सांगितले. न समजणाऱ्या भाषेतील दोन पानांवर घेतलेली सही ही संमती नव्हे, ती पोचपावती होय.

इतरत्र काय चालते? युरोपीय संघात औषधाच्या प्रत्येक खोक्यातील रुग्णपत्रक त्या त्या देशाच्या अधिकृत भाषेत असावे लागते, आणि सामान्य रुग्णांना ते वाचावयास देऊन त्यांना कळते की नाही हे आधी तपासावे लागते. माल्टा देशाची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख. एखाद्या मध्यम तालुक्याएवढी. त्यांच्या माल्टीज भाषेत या औषधांची पत्रके उपलब्ध आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख आणि तमिळ मातृभाषा असणारे ६ कोटी ९० लाख. अनुवादाचा खर्च परवडत नाही असे ज्यांना म्हणावयाचे आहे, त्यांनी हे आकडे समोर ठेवून म्हणावे.

पण युरोपपर्यंत जाण्याची तरी काय गरज? तंजावरात राहूनच उत्तर मिळते. सरफोजी राजे (दुसरे) यांनी १७९८ ते १८३२ या काळात तिथे गादी सांभाळली. राज्य नाममात्र, सत्ता कंपनी सरकारची. तरी त्या गृहस्थाने धन्वंतरी महाल ही वैद्यकशाळा चालविली. तिथे देशी आणि युरोपीय दोन्ही उपचार होत. नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महालात आजही जपून ठेवलेल्या आहेत. कोणाला काय झाले होते, काय केले, त्याचे काय झाले, हे लिहून ठेवण्याची शिस्त त्यात दिसते. आणि अनुभवास उतरलेले उपचार 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या ग्रंथमालेत संग्रहित झाले, ते तमिळ पद्यांत. राजाची भाषा मराठी होती. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास त्याने मराठीतच कोरविला. पण औषधाची गोष्ट आली तेव्हा ती वैद्याला आणि रयतेला कळेल अशा भाषेत नोंदली गेली. कुळाचा अभिमान कोणत्या भाषेत मिरवावा आणि औषध कोणत्या भाषेत सांगावे, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, एवढे त्या दरबाराला कळत होते.

म्हणूनच माझा मुद्दा भाषाभिमानाचा नाही. रावसाहेबांच्या हाती देवनागरी मराठीतले पत्रक दिले असते तरी त्यांचे काम भागले नसते. त्यांना सराईतपणे वाचता येते ती तमिळ. उलट, मुलाकडे बंगळुरूला राहावयास गेलेल्या साताऱ्याच्या आजींना कन्नड पत्रक निरुपयोगी. धारावीतील तमिळ कुटुंबाला मराठी पत्रक निरुपयोगी. हक्क राज्याच्या भाषेचा नव्हे, रुग्णाच्या वाचनाच्या भाषेचा असावयास हवा. आपण जे घरापासून दूर राहतो, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की दुष्परिणाम सांगितले तर रुग्ण घाबरून उपचार सोडतील. अर्धवट ऐकलेले माणसाला अधिक घाबरविते, हा सर्वांचा अनुभव आहे. 'हे होऊ शकते, झाले तर या क्रमांकावर कळवा, वेळेवर कळविले तर बहुतेक वेळा आटोक्यात येते' असे सांगणे याला भीती घालणे म्हणत नाहीत. दुसरा आक्षेप असा की डॉक्टर तोंडी सांगतातच. सांगतात, हे मी मान्य करतो. पण कर्करोगाचे नाव ऐकून बसलेल्या माणसाच्या लक्षात त्या पंधरा मिनिटांतले किती राहणार, आणि तीन महिन्यांनंतर किती? तिसरा आक्षेप, ही औषधे इतकी महाग की घेणारे थोडे; त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

या तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर सरकारच्याच निर्णयांत आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कर्करोगाच्या तीन औषधांवरील आयात शुल्क माफ झाले. त्यांपैकी ड्युर्व्हालुमॅब हे याच वर्गातील आहे. त्याच वर्षी या तीन औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगात, नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांबरोबर देऊन पाहिले. वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. गरीब रुग्णांसाठी याइतकी आशादायक बातमी क्वचितच आली असेल. मात्र मात्रा कमी म्हणून खबरदारी नको, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. शिवाय २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली, त्यांतील २०० पहिल्याच वर्षी. म्हणजे उद्या हे इंजेक्शन जिल्ह्याच्या गावी मिळेल, आणि सकाळी टोचून घेतलेला रुग्ण संध्याकाळच्या बसने खेड्यात परत जाईल. औषध पोचविण्याची तयारी झाली आहे. माहिती पोचविण्याची कोणत्या शीर्षाखाली तरतूद आहे?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवेत देणारा आणि घेणारा यांच्या ज्ञानात एवढे अंतर असते की हा बाजार इतर बाजारांसारखा चालू शकत नाही. ते अंतर बाजार आपण होऊन भरत नाही. तिथे शासनाने उभे राहावयाचे असते. लाखाच्या घरातल्या औषधावरील कर माफ करणे हा खर्चिक निर्णय आहे आणि तो आपण घेतला. एक पान छापणे स्वस्त आहे आणि ते आपण करीत नाही.

विश्वासाचाही एक मुद्दा यात येतो. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. ती महागड्या कर्करोग-इंजेक्शनांच्या रिकाम्या कुप्या मिळवून त्यांत बुरशीवरचे स्वस्त औषध भरून विकत होती. ज्या व्यवस्थेत रुग्णाला कुपी दिसतच नाही, तिथे हे घडणे फार कठीण नव्हते. म्हणून माहितीचा प्रश्न दुष्परिणामांपुरता राहत नाही. टोचले ते खरोखर काय टोचले, हेही त्याच प्रश्नात येते.

माझ्या मते करावयाचे ते असे. एक, या वर्गातील प्रत्येक औषधासाठी आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत एक पानी रुग्णपत्रक उत्पादकाने तयार करावे, आणि औषध महानियंत्रकांच्या कार्यालयाने ते तपासून सर्वांना उपलब्ध करावे. मान्यतेची अट म्हणून हे घालणे अवघड नाही. दोन, रुग्णाच्या खिशात राहील असे कार्ड द्यावे. एका बाजूला त्याच्या भाषेत लक्षणे. दुसऱ्या बाजूला कोणत्याही डॉक्टरसाठी इंग्रजीत औषधाचे नाव, शेवटच्या मात्रेची तारीख आणि रुग्णालयाचा चोवीस तास चालणारा क्रमांक. तीन, कुपीवरील नाव, बॅच क्रमांक आणि मुदत रुग्णाच्या कागदावर नोंदवून, रिकामी कुपी नातेवाइकांना दाखवून नष्ट करावी. चार, दुष्परिणामांची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे जावी. २०१० पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे, आणि रुग्णाने स्वतः भरावयाचा अर्ज मराठी, तमिळसह अनेक भाषांत आहे. गंमत पाहा : त्रास झाल्यावर तक्रार करावयाचा कागद आपण मराठीत काढला, त्रास ओळखावयाचा कागद मात्र इंग्रजीतच ठेवला.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरी हे इंजेक्शन चालू आहे, विशेषतः जे दूर राहून आईवडिलांची काळजी दूरध्वनीवर घेतात, त्यांनी काही गोष्टी आजच कराव्यात. संधिवात, सोरायसिस, ल्यूपस, आतड्याचे जुने दुखणे, क्षय, अवयवरोपण यांचा इतिहास असल्यास पहिल्या मात्रेआधीच डॉक्टरांना सांगावा. तरुण स्त्री रुग्णाने गर्भधारणा टाळण्याचा काळ विचारून घ्यावा. तो शेवटच्या मात्रेनंतरही काही महिने असतो. यकृत, मूत्रपिंड, साखर व थायरॉइड यांच्या तपासण्या किती दिवसांनी करावयाच्या हे विचारून ते पाळावे. नवे जुलाब, शौचातून रक्त, वाढता खोकला किंवा दम, छातीत दुखणे, डोळे पिवळे होणे, अतोनात तहान व लघवी, पापण्या जड होणे, न हटणारी डोकेदुखी, अंगभर पुरळ किंवा फोड, यांपैकी काहीही झाले तर 'बघू दोन दिवस' म्हणू नये. त्याच दिवशी उपचार करणाऱ्या केंद्राला कळवावे. दम लागणे, छातीत दुखणे किंवा गुंगी येणे असेल तर थेट जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. गावातील डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगावे की रुग्णाला इम्युनोथेरपी चालू आहे किंवा झालेली आहे. स्टेरॉइड आपल्या मनाने सुरू करू नये आणि, त्याहून महत्त्वाचे, आपल्या मनाने बंद करू नये.

आणि पुढच्या इंजेक्शनच्या वेळी खोक्यातले माहितीपत्रक मागून घ्यावे. ते इंग्रजीत असेल, बारीक अक्षरांत असेल, पण ते रुग्णाने पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा भाग आहे. दहा रुग्णांनी मागितले तर औषध विभागाला त्रास वाटेल. हजारांनी मागितले तर कोणी तरी टिपणी लिहील, आणि टिपणी लिहिली गेली की फाइल हलते, हे मी तीस वर्षांच्या नोकरीनंतर खात्रीने सांगू शकतो.